परदेशातला साधा मंगळवार: मुलांसाठी दूरदेशीची पुस्तके कशी निवडावीत, कशी वाचावीत

दुसऱ्या देशातील जीवनाची ओळख करून देणारे पुस्तक मुलासाठी घ्यायचे असेल, तर मुखपृष्ठाकडे फारसे लक्ष न देता ते मधूनच कुठेतरी उघडावे आणि एकच गोष्ट शोधावी: त्यातले मूल सणवार सोडून एखाद्या साध्या मंगळवारी काय करते? त्याला सकाळी उठायचा कंटाळा येतो का, भावंडांशी त्याचे कशावरून भांडण होते, घरातली भांडी कोण घासते? पानोपानी मिरवणूक, पारंपरिक पोशाख आणि नाच एवढेच असेल, तर ते पुस्तक पर्यटकाच्या उपयोगाचे. मुलांना ती चित्रे आवडतात, पण ‘तिथली माणसे रोज अशीच नटतात’ अशी त्यांची पक्की समजूत होते.

जपानचे उदाहरण घेऊ. किमोनो आणि चेरीचा बहर तर प्रत्येक पुस्तकात असतो. पण एखाद्या चित्रकाराने प्राथमिक शाळेच्या दाराशी असलेले बुटांचे खण काढलेले असतात. मुले बाहेरचे बूट खणात ठेवतात, आत वापरायचे मऊ बूट चढवतात, दुपारी आळीपाळीने पांढरे अ‍ॅप्रन बांधून वर्गमित्रांना जेवण वाढतात आणि नंतर स्वतःच वर्ग झाडून पुसून घेतात. या पानावर मूल हमखास थांबते, कारण शाळा त्याच्या ओळखीची असते आणि फडके नेमके कोणाच्या हातात आहे हे त्याला नवे असते. ओळखीच्या गोष्टीत एखादी अनोळखी गोष्ट सापडली, की परक्या देशाविषयीचे कुतूहल आपोआप जागे होते. निव्वळ अद्भुत चित्रांनी ते फार काळ टिकत नाही.

यानंतर प्रकाशनाचे वर्ष पाहावे. जगण्याविषयीची माहिती लवकर शिळी होते. 1990 पूर्वीच्या पुस्तकात दोन जर्मनी असतील, 2011 पूर्वीच्या नकाशात दक्षिण सुदान नसेल, आणि 2002 पूर्वीच्या गोष्टीतली फ्रेंच मुलगी फ्रँक देऊन पाव विकत घेत असेल. गोष्ट म्हणून अशी पुस्तके जरूर वाचावीत, फक्त ‘ही तुझ्या आजीच्या लहानपणची गोष्ट आहे’ एवढे सांगून ठेवावे. अडचण होते ती जुने चित्र आजचे म्हणून छापलेले असते तेव्हा. इग्लू हे बर्फाचे घुमटाकार घर बहुतेक ठिकाणी शिकारीला गेलेल्यांचा तात्पुरता निवारा होते आणि उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातली इन्युइट कुटुंबे आज इतरांसारख्याच घरांत राहतात. तरीही वर्णमालेच्या पुस्तकांतून ती इग्लूबाहेर पडायला तयार नाहीत.

स्थळाचे नाव किती नेमके दिले आहे, हेही तपासावे. ‘आफ्रिकेतला एक मुलगा’ एवढ्यावर भागवणाऱ्या पुस्तकाविषयी मला मनापासून शंका येते. त्या खंडात संयुक्त राष्ट्रांचे 54 सदस्य देश आहेत, आणि लागोस किंवा कैरोसारख्या महानगरातले मूल व वाळवंटाच्या कडेला शेळ्या राखणारे मूल यांचा दिवस एकसारखा नसतो. देश, गाव किंवा शहर आणि मुलाचे नाव या तिन्ही गोष्टी ठळकपणे येत असतील, तर लेखकाने काही विचारपूस केली असण्याची शक्यता वाढते.

लेखक त्याच देशाचा असावा का, हा प्रश्न नेहमी निघतो. बाहेरच्या माणसाने लिहूच नये असे मी म्हणणार नाही. मात्र त्याने माहिती कोठून मिळवली, तो तिथे राहिला होता का, हे मनोगतात किंवा मलपृष्ठावर सापडायला हवे. लोककथांच्या बाबतीत जास्त सावध राहावे. ‘अमुक देशाची लोककथा’ असे छापलेले असले तरी मूळ भाषा, संकलक किंवा प्रदेश यांचा उल्लेख नसेल, तर ती कथा वाटेत बरीच बदललेली असू शकते. शिवाय राजा, राक्षस आणि बोलणारे कासव यांच्यावरून त्या देशातली आजची बस कशी असते ते कळत नाही.

माझी पसंती अनुवादांना आहे. त्या देशातल्या मुलांसाठीच लिहिलेल्या पुस्तकात लेखक रीतिरिवाज समजावत बसत नाही. ते गृहीत धरून गोष्ट पुढे जाते, आणि वाचणाऱ्या मुलाला ते अंदाजाने उलगडावे लागतात. अनुवाद पारखताना नावे आणि पदार्थ पाहावेत. अनुवादकाने मूळ पदार्थ काढून वाचकाच्या सवयीचा पदार्थ घातला असेल, तर ओळख करून घेण्यासारखे तेवढेच नाहीसे झालेले असते.

असा शोध घेणाऱ्याला येल्ला लेपमान या बाईंचे काम उपयोगी पडते. नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या या जर्मन पत्रकार युद्धानंतर परतल्या. जर्मन मुलांना बाहेरचे जग दिसावे म्हणून त्यांनी निरनिराळ्या देशांकडून बालपुस्तके मागवली आणि 1946 साली म्युनिकमध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यातूनच 1949 मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले. बालपुस्तकांसाठी काम करणारी ‘इब्बी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था 1953 मध्ये झुरिकला स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. ही संस्था दर दोन वर्षांनी सदस्य देशांनी निवडलेल्या पुस्तकांची गौरवयादी काढते, आणि तीत लेखक व चित्रकारांबरोबर अनुवादकांचाही समावेश असतो. मुलासाठी पुस्तक शोधताना या यादीपासून सुरुवात करावी.

वयाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर पाच वर्षांखालील मुलाला ‘देश’ ही कल्पना नीट कळत नाही, त्यामुळे त्याला घर, अंथरूण, जेवण, पाऊस यांची चित्रे पुरतात. आठ-नऊ वर्षांनंतर मात्र युद्ध आणि स्थलांतर यांच्या गोष्टीही, मोठे माणूस जवळ असेल तर, टाळण्याचे कारण नाही.

वाचायला बसताना नकाशा आधी काढू नये. आधी गोष्ट होऊ द्यावी. मुलाने ‘हे कुठे आहे?’ असे विचारले की पृथ्वीगोल फिरवावा. कठीण नावे आपण आधी एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत, म्हणजे ऐन वाचनात अडखळून हसू येत नाही. एखाद्या पदार्थाचे चित्र पाहून मूल ‘शी!’ म्हणाले, तर लगेच रागावू नये. तो मुलगा आपल्याकडे जेवायला आला तर ताटातल्या कशाला बिचकेल, असे उलट विचारावे. या उलट्या प्रश्नाने जे साधते ते लांबलचक उपदेशाने साधत नाही. आपल्याला उत्तर माहीत नसेल, तर तसे सांगून दोघांनी मिळून शोधावे.

एका देशावर एकच पुस्तक वाचून थांबू नये, हे मी चुकूनच शिकलो. मंगोलियावरचे एक सुरेख चित्रपुस्तक मी घरात वाचले होते. त्यात गेर नावाचे, नमद्याचे म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे गोल तंबू, घोडे आणि अफाट गवताळ प्रदेश होता. आठवड्याने मुलीने चित्र काढले आणि ठामपणे सांगितले, की मंगोलियात जिने नसतात. वास्तविक त्या देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या एकट्या उलानबातर शहरात आहे. मग राजधानीतल्या उंच इमारतींचे फोटो असलेले दुसरे पुस्तक शोधून आणले. त्यातल्या एका फोटोत शहराच्या कडेच्या वस्तीत कुंपणाआड गेर उभे होते आणि मागे इमारती दिसत होत्या. तिने ते पान बराच वेळ पाहिले आणि मग आपल्या जुन्या चित्रातल्या तंबूला एक जिना जोडून टाकला.