टाकीतला सेन्सर मधेच ८५ डिग्री दाखवायचा, ते कसं सुटलं

रास्पबेरी पायला (छोटा, एका बोर्डवरचा कॉम्प्युटर) डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून टाकीतल्या पाण्याचं तापमान बघतोय, सगळं छान चाललेलं पण ग्राफमध्ये मधेच सरळ ८५ चा सुळका. पायवर सेन्सरचं रीडिंग ज्या फाईलमध्ये येतं ती उघडली तर पहिल्या ओळीच्या शेवटी येस, म्हणजे सीआरसी (डेटा नीट पोचला का याची तपासणी) बरोबर, आणि खाली टी=८५०००, म्हणजे डिग्रीच्या हजाराव्या भागात ८५. त्यामुळे डेटा वायरवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. खरी गोष्ट अशी की ८५ हे या चिपचं पॉवर-ऑनचं डीफॉल्ट, म्हणजे चालू होताना आपोआप असणारा आकडा आहे, म्हणजे तापमान मोजता मोजता सप्लाय तुटला की चिप रीसेट होते आणि तेच ८५ हातात देते. सप्लायची लाल वायर ब्रेडबोर्डजवळ (सोल्डर न करता वायरी खोचायची पट्टी) जरा हलवून बघितली, लगेच ८५! मग ब्रेडबोर्ड काढूनच टाकला, तिन्ही वायरी सोल्डर केल्या, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), आणि ४.७ के (किलोओहम) चा रेझिस्टर डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मधे. तो रेझिस्टर ५ व्होल्टला अजिबात जोडू नका हं, पायच्या डेटा पिना ३.३ च्याच आहेत, पिन जाऊ शकते. स्क्रिप्टमध्येही बरोब्बर ८५००० आलं तर रीडिंग सोडून परत वाचायचं असं टाकलंय, पण आधी वायर बघा, नुसत्या कोडने दुखणं झाकलं जातं. आता ग्राफ एकदम स्वच्छ येतोय.