वाडी आणि खिद्रापूर एका दिवसात कसं पाहावं

खिद्रापूरला दुपारी पोचा, एवढं एक पाळलंत तरी पुष्कळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला आमच्याकडे येणारे पाहुणे नेमकं उलटं करतात. वाडीत, म्हणजे नृसिंहवाडीत, दत्ताचं दर्शन, प्रसाद, वर बासुंदी, मग डुलकी आणि संध्याकाळी पाचला "चला, दाखवा तुमचं खिद्रापूर." तोवर तिथल्या कोपेश्वराच्या देवळात अंधार शिरलेला असतो.

म्हणून सकाळी नृसिंहवाडी. रेल्वेनं येणाऱ्यांनी जयसिंगपूरला उतरून शिरोळमार्गे यावं. दर्शनाआधी घाटावर जा, इथंच पंचगंगा कृष्णेला मिळते. मंदिराला शिखर नाही, ते शोधू नका. दत्ताच्या पादुका नदीला इतक्या लगटून आहेत की पुरात पाणी उत्तरेच्या दारातून शिरतं आणि पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला माणसं रात्री-अपरात्रीही येतात. पावसाळ्यात निघणार असाल तर कोयना धरणातून किती पाणी सोडलंय ते आदल्या दिवशी विचारा. आमच्याकडची पोरंसुद्धा क्युसेकमध्ये, म्हणजे सोडलेल्या पाण्याच्या मापात, बोलतात!

अकराच्या आत वाडी सोडा. कुरुंदवाड, अकिवाट, राजापूर असा उसातला रस्ता आहे. खिद्रापूर आलं की महाराष्ट्र संपला, कृष्णेपलीकडे कर्नाटक.

कोपेश्वर मंदिर शिलाहार राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आधी स्वर्गमंडप. छताला मधोमध सुमारे १३ फुटांचं गोल उघडं तोंड आहे आणि बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. साडेबाराच्या सुमारास उन्हाचं वर्तुळ आत उतरतं. हिवाळ्यात ते उत्तरेकडे सरकलेलं दिसेल, मेच्या पहिल्या आठवड्यात मात्र ते शिळेवरच बसतं. कार्तिकी पौर्णिमेला चांदणं पाहायला गर्दी लोटते. मला विचाराल तर गर्दीतल्या चंद्रापेक्षा साध्या मंगळवारचं ऊन बरं.

मग सभामंडप. इथं बॅटरी हवीच. खांब कुठं गोल, कुठं चौकोनी, कुठं अष्टकोनी. उजेड समोरून मारू नका, बाजूनं धरा, कोरीव काम उठून दिसतं. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. नंदी नाही. सती त्याच्यावर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून तो नदीपलीकडे यडूरला, असं गावातलं कुणीही सांगेल.

बाहेरून फेरी मारल्याशिवाय निघू नका. खाली हत्तींची रांग सबंध देवळाला पाठीवर घेऊन उभी आहे, त्यातल्या बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. दक्षिणेकडे यादव राजा सिंघणाचा शिलालेखही आहे.

परतताना पुन्हा वाडीत थांबा. बासुंदी तिथंच खा, प्रवासात ती नासते. घरी न्यायची तर कवठाची बर्फी, आणि थंडीत आलात तर कृष्णाकाठची वांगी. बर्फीचा आंबूसपणा पहिल्या घासाला विचित्र लागेल, दुसरा तुकडा खाऊन मग बोला.