झी-२८ बघायला जाताना आरसा न्या

१९६९ची कॅमारो झी-२८, म्हणजे शेव्हरोलेची जुनी वेगवान गाडी, घ्यायला निघाला असाल तर आधी एक आरसा विकत आणा. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला, लांब दांड्याचा, छोटा. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. कशाला ते पुढे सांगतो, पण आत्ताच पिशवीत टाका. मी नेला नव्हता.

टॉर्च, फडकं, ब्रेक क्लीनर, मळले तरी चालतील असे कपडे. हे सांगायला नको.

निघण्याआधी व्हिनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, फोटो मागवा. सुरुवात १२४३७९ अशी हवी. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो, ३७ म्हणजे बंद टपाची, ९ म्हणजे वर्ष. पुढे एन असेल तर ओहायोतल्या नॉरवुडचा कारखाना, एल असेल तर कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसचा. १२३ दिसलं तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली, विषय संपला. ३७च्या जागी ६७ असेल तर ती कन्व्हर्टिबल, आणि १९६९ला झी-२८ कन्व्हर्टिबल निघालीच नाही. ऑटोमॅटिक गिअर नव्हता, कंपनीचा एसीही नव्हता. "डीलरनं खास बसवून दिला होता" ही कथा ऐकू आली की फोन ठेवा.

पण व्हिन एवढंच सांगतो. झी-२८ हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शन होता. साध्या ३०७ इंजिनाच्या कॅमारोचा व्हिनही असाच दिसतो, आणि सगळी लबाडी इथूनच सुरू होते. पाँटिॲकवाल्यांचं बरं आहे, पीएचएस या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या संस्थेला व्हिन पाठवला की मूळ बिलाची नक्कल येते. फोर्डवाल्यांना मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींचा उतारा, मिळतो. आपल्याला तसं काही नाही, गाडी नवी असताना कॅनडात विकली गेली असेल तरच जीएम कॅनडाकडून कागद मिळतो. नॉरवुड माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, पण कारखाना १९८७लाच बंद झाला. विचारणार कुणाला? म्हणून लोखंड वाचायचं. आणि लोखंड वाचायला आरसा लागतो.

फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा, ट्रिम टॅग बघा. कोड आणि तारीख ठोकलेली छोटी पट्टी असते ती. १९६८च्या डिसेंबरच्या सुमारापासून नॉरवुडच्या झी-२८वर एक्स ३३ किंवा एक्स ७७ असतं. व्हॅन नाइसच्या गाड्यांवर असले कोड नाहीतच. तिथेच ०३बी असेल तर गाडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बनली. ही तारीख हातावर लिहून ठेवा, लागणार आहे. टॅगवर विसंबू नका, नवे छापून मिळतात. वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे गाडीची माहिती ठोकलेली धातूची पट्टीसुद्धा नवी करून मिळते. डॅशवरच्या व्हिनच्या पट्टीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारखे हवेत. साधे गोल दिसले तर काढता पाय घ्या, ती भानगड पोलिसांपर्यंत जाते.

आता इंजिन. पॅसेंजर बाजूच्या हेडच्या पुढे एक सपाट पॅड, म्हणजे आकडे ठोकलेली जागा, असतं. १९६९ला आल्टरनेटर नेमका त्याच बाजूला आला, त्यामुळे वाकून, मान मोडून बघावं लागतं. पुसा. व्ही०२२०डीझी असं काहीतरी दिसेल: फ्लिंटचा कारखाना, २० फेब्रुवारी, झी-२८चं ३०२ इंजिन. शेजारी किंवा ऑइल फिल्टरजवळ १९एन आणि व्हिनचे शेवटचे सहा आकडे. पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा हव्यात. गुळगुळीत असेल तर घासून नवे आकडे ठोकलेत.

हे सगळं मी केलं होतं. आकडे जुळले, डीझी दिसलं, रेघासुद्धा दिसल्या. मी जागच्या जागी हरखलो आणि "मॅचिंग नंबर" (म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच) या दोन शब्दांसाठी पंधरा हजार डॉलर जास्त मोजून आलो. रेघाही पाडून मिळतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

राहिलं काय? ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, मागच्या कडेवर, जिथे बेलहाउसिंग (गिअरबॉक्सकडचं घंटेसारखं कवच) जोडतात तिथे, पॅसेंजर बाजूला ओतकामाची तारीख असते. उठावाची अक्षरं, ब्लॉकबरोबरच ओतलेली. ठोकलेला आकडा घासता येतो, हा बदलणं सोपं नाही. तिथे डोकं जात नाही, आरसा जातो. सहा महिन्यांनी माझ्या मेकॅनिकनं आरसा घातला आणि मला बोलावलं. उलटं वाचायला मिनिटभर लागलं: ई १२ ९. जानेवारी ए, तर मे ई. १२ मे १९६९. माझी गाडी मार्चमध्ये कारखान्याबाहेर पडलेली, इंजिनावर शिक्का फेब्रुवारीचा, आणि ब्लॉक ओतला मे महिन्यात! क्रम असा हवा: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी. आरशातून फोटो काढा, फोनवर उलटवा, हातावरच्या तारखेशी ताडून बघा. ड्रायव्हर बाजूच्या मागच्या कडेवर कास्टिंग नंबर, म्हणजे ओतकामाचा क्रमांक, असतो, शेवट ३८६, ६१८ किंवा ०१०. पण ६१८ आणि ०१० हे ३५० इंजिनाच्या ब्लॉकवरही येतात, त्यामुळे नंबर बघून खूश होऊ नका. तारीख बघा. विकणारा "माझ्याकडे फोटो आहे" म्हणाला तर छान म्हणा आणि आरसा घाला. पॅडवर सीई असेल तर तो वॉरंटीत बदललेला ब्लॉक. त्यात फसवणूक नाही, पण भाव कमी करून घ्या.

बाकी भराभर. मागे बारा बोल्टचा ॲक्सल, अनेक पात्यांचे पाटे, पुढे डिस्क ब्रेक, मन्सीचा चार गिअरचा बॉक्स. हे सगळं दुसऱ्या गाडीचं आणून बसवता येतं, म्हणजे नसेल तर शंका, असेल तर पुरावा नाही. मागच्या चाकांवरच्या पत्र्याला चुंबक लावून बघा, आत पुट्टी भरली असेल तर चिकटत नाही. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, व्हिन आणि गाडीवरचा व्हिन एकच हवा. चालवून बघा, अर्थात.

फडकं घरून न्या, विकणाऱ्याचं आधीच तेलकट असतं. आणि आरसे दोन घ्या, पहिला माझ्या मित्राच्या हातून बेलहाउसिंगमागे पडला तो अजून तिथेच आहे.