लाइपझिगचे घड्याळ

लाइपझिगला पदव्युत्तर अभ्यासासाठी आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या प्राध्यापकांनी मला 'हाल्प त्सेन'ला भेटायला बोलावले. त्सेन म्हणजे दहा आणि हाल्प म्हणजे अर्धा, एवढे जर्मन मला येत होते, म्हणून मी साडेदहाला त्यांच्या दारावर टकटक केली; ते मात्र साडेनऊला माझी वाट पाहून पुढच्या कामाला निघून गेले होते. जर्मनमध्ये सरलेल्या तासात अर्धा मिळवत नाहीत, येणारा तास अर्धा भरला असे म्हणतात. लाइपझिग ज्या सॅक्सनी राज्यात आहे, तिथे तर याच रीतीने सव्वानऊला 'दहाचा पाव' आणि पावणेदहाला 'दहाचा पाऊण' म्हणणारे अनेक जण भेटतात. वर्गातील एका स्थानिक मुलीने वहीच्या कोपऱ्यात वर्तुळ काढून त्याचे चार भाग एकेक करून रंगवले, तेव्हा कुठे मला हा हिशेब उमगला. म्हणून तोंडी ठरलेली वेळ आकड्यांत लिहून समोरच्याला दाखवावी. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

छापील वेळापत्रकालाही स्वतःची खूण असते. वेळेपुढे 'सी. टी.' ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असली, तर व्याख्यान पंधरा मिनिटांनी सुरू होते आणि 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. पहिले व्याख्यान संपले तेव्हा सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाक वाजवू लागला आणि मी दचकलो. टाळ्यांऐवजी दिलेली ती दाद होती. पुढच्या वेळी मीही बाक वाजवला आणि त्या वर्गात आपली जागा आहे, असे मला प्रथमच वाटले.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र उशीर करू नका. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला दाखला लागतो. तो खोलीच्या किल्लीबरोबरच मागून घ्यावा. कार्यालयातील भेटीची वेळ लवकर मिळेलच असे नाही, त्यामुळे पत्ता पक्का होताच ती घेणे शहाणपणाचे. माझ्या व्हिसाच्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागले होते, पण त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. घराची अनामत आणि पहिले भाडे पुष्कळदा एकदमच द्यावे लागते, हे ध्यानात घेऊन थोडी रक्कम वेगळी आणावी. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात; किराणा शनिवारीच भरावा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. अल्बर्टिना ग्रंथालयातून बाहेर पडल्यावर ट्रामचे दिवे लागलेले पाहून मन खचत असे. मग मी दुपारचे जेवण झाले की, थंडी असली तरी, अर्धा तास चालायला जाऊ लागलो. या एका सवयीने मला जितके सावरले, तितके दुसऱ्या कशानेही नाही.

वर्तुळ काढून देणाऱ्या त्या मुलीला मी एकदा कॉफीला येतेस का, असे विचारले, तर तिने डायरी उघडून अकरा दिवसांनंतरची तारीख दिली. मला ते टाळणे वाटले. मधल्या काळात मी एकदाही आठवण करून दिली नाही, तरी ती त्या दिवशी ठरल्या वेळी आली, फोन पिशवीत ठेवला आणि तीन तास बसली.