बायबल अभ्यास: फिलेमोनापासून सुरू करा

आमच्या खानापूरच्या तरुण गटात नवी पोरं बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, धडाक्यात सुरू करतात नि नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकात अडकतात. त्यापेक्षा बायबलमधलंच, प्रेषित पौलानं फिलेमोन नावाच्या ख्रिस्ती माणसाला लिहिलेलं पत्र घ्या. अवघी 25 वचनं, बेळगावची बस सुटायच्या आत वाचून होतात.

पहिल्यांदा सलग वाचा, मोठ्यानं. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं, नंतर. मग वहीत लिहा: पौल कुठून लिहितोय? तुरुंगातून. अनेसिम कोण? फिलेमोनाचा दास. वचन 16 आणि 18 वर रेंगाळा. दासाला भाऊ म्हणून स्वीकार, त्याचं देणं माझ्या नावावर मांड, असं पौल मागतो. पण दास्यातून मुक्त कर, असं थेट म्हणत नाही! यावर गटात भांडा, खुशाल. (आमच्या चर्चच्या पाळकांना चालतं.) शेवटी बायबलमधलं दुसरं पत्र, कलस्सै, अध्याय 4, वचन 9 उघडा; अनेसिम तिथंही भेटतो.