मार्कडाउनमधून साइट बनवताय? या चुका टाळा

मार्कडाउनच्या (साध्या खुणा देऊन मजकूर लिहायच्या पद्धतीच्या) साध्या फाइली, त्यांची वेबपानं तयार करणारा ह्यूगोसारखा जनरेटर आणि गिटहब या सेवेवरची फुकट जागा, एवढ्यावर गावच्या वाचनालयाची किंवा एखाद्या हौशी अभ्यासकाची साइट वर्षानुवर्षं चालते. डेटाबेस सांभाळायचा नाही, दर महिन्याला प्लगिन अपडेट करायचे नाहीत. तालुक्यापासून लांब, नेट रडतखडत चालतं तिथंही पान पटकन उघडतं. म्हणून मी लातूर-धाराशिवकडच्या पोरापोरींना हेच शिकवतो. मात्र दर वेळी चुका त्याच. त्यातल्या बऱ्याच कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाहीत, कारण त्या मराठी टाइप करणाऱ्यांच्याच आहेत.

विसर्गाच्या जागी कोलन

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तीन-तीन आडव्या रेघांमध्ये शीर्षक, तारीख वगैरे लिहितात, त्याला फ्रंट मॅटर म्हणतात. ते यामल नावाच्या पद्धतीत असतं. यामलमध्ये कोलन आणि त्यापुढे मोकळी जागा आली, की डावीकडं नाव आणि उजवीकडं त्या नावाची माहिती असा अर्थ लागतो. आणि आपल्याकडं विसर्ग सापडला नाही की सर्रास कोलन ठोकतात.

उमरग्याकडचा एक मुलगा मराठवाड्यातल्या किल्ल्यांची साइट करत होता. नळदुर्ग, परांडा, औसा, उदगीर, कंधार, प्रत्येकाची वेगळी फाइल, मेहनत चांगली. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातल्या पाणी महालावर तर त्यानं फार मन लावून लिहिलं होतं. एका रात्री फोन आला, ‘सर, साइटच बसली. काहीच बिल्ड होईना.’ बिल्ड म्हणजे जनरेटरनं फाइलींची पानं तयार करणं. विचारलं, एरर काय येतोय? ‘लाल अक्षरं आली की मी खिडकी बंद करतो, सर.’ तोवर त्यानं ह्यूगो काढून पुन्हा टाकला होता, थीम, म्हणजे साइटचं तयार रंगरूप, बदलली होती, आणि शेवटी एक व्हिडिओ बघून नवीन फोल्डर करून सगळ्या फाइली तिकडं उचलल्या होत्या. बिघडलेली फाइलही सोबत गेली, त्यामुळं नवीन फोल्डरही तसाच अडला. दोष एका शीर्षकात होता. ‘पुन: एकदा नळदुर्ग’. विसर्गाऐवजी कोलन, पुढे जागा. आणि त्या लाल अक्षरांत फाइलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक, दोन्ही लिहिलेलं होतं.

माझी सवय सांगतो. शीर्षक कसंही असो, ते मी सरळ एकेरी अवतरणात टाकतो, मग आत कोलन आला तरी बिघडत नाही. अवतरण सरळच हवं. मोबाइलचा कीबोर्ड किंवा वर्ड वाकडी, सुबक अवतरणं घालतो, ती यामलला अवतरणं म्हणून कळतच नाहीत. आणि विसर्ग शोधायला शिका. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून आडव्या रेघेची कळ दाबली की येतो.

लाल अक्षरं न वाचता इन्स्टॉल-अनइन्स्टॉल करत बसणं याचा मला मनापासून त्रास होतो. त्यानं प्रश्न सुटत नाही, उलट मूळ चूक कुठं होती याचा मागच पुसला जातो.

मराठी आकडे

यादी करताना १, २, ३ असे आकडे टाकले की मार्कडाउनला ती यादी वाटतच नाही. २०१४ साली आलेल्या कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउन कसं वाचायचं हे ठरवणाऱ्या नियमांत क्रमांकित यादीसाठी फक्त इंग्रजी आकडे धरले आहेत. त्यामुळं सगळे मुद्दे एकाच परिच्छेदात चिकटून येतात आणि माणूस थीमला दोष देतो. फाइलीत इंग्रजी आकडे टाका. पानावर मराठी दिसायला हवे असतील, तर सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलीत) लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी ठेवा, ब्राउझर आपोआप बदलून दाखवतो. फ्रंट मॅटरमधली तारीखही इंग्रजी आकड्यांतच हवी.

ओव्या एका ओळीत

जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या एका ताईंची पानं पाहिली, तर चारही चरण सलग गद्यासारखे. मार्कडाउनमध्ये एकदा एंटर मारल्यानं ओळ तुटत नाही. ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्या असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही, कारण स्पेस डोळ्याला दिसत नाहीत आणि कित्येक एडिटर सेव्ह करताना त्या उडवून टाकतात. मी ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देतो. ह्यूगोत एक पुरतो, जेकिल हा दुसरा जनरेटर मार्कडाउन वाचायला क्रॅमडाउन वापरतो, त्याला दोन लागतात. ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी जिथं श्वास घेतला तिथंच ओळ तुटली पाहिजे, एवढी काळजी त्या मजकुराला हवीच.

ठळक शब्दाला प्रत्यय जोडतानाही असंच फसतं. ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे देतात. **नळदुर्ग**ला असं चालतं, पण अवतरणचिन्हांसकट शब्द ताऱ्यांत घेऊन बाहेर ‘ला’ जोडला की तारे तसेच पानावर उमटतात. प्रत्ययासकट अख्खा शब्द ताऱ्यांच्या आत घ्या.

बाकीच्या थोडक्यात.

पान दिसत नाही? आधी फ्रंट मॅटरमध्ये ड्राफ्ट (कच्चा मसुदा) ‘ट्रू’ राहिलंय का बघा. मग वेळ बघा. तारखेत सकाळचे ९ लिहिले आणि टाइमझोन दिला नाही, तर ह्यूगो ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. तोवर ते पान त्याच्या लेखी भविष्यातलं, आणि नंतरही पुन्हा बिल्ड केल्याशिवाय येत नाही. कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलीत) टाइमझोन आशिया/कोलकाता लिहून टाका.

घरी फोटो दिसतो, साइटवर नाही? विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. कॅमेरा फाइलीचं शेपूट (.JPG) कॅपिटलमध्ये देतो, तुम्ही लहान लिहिता. मी सगळी नावं लहान अक्षरांतच करून घेतो.

फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. १२०० पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली.

पब्लिक फोल्डरमध्ये हातानं दुरुस्ती करू नका. ते जनरेटरनं तयार केलेलं असतं, पुढच्या बिल्डला तुमचा बदल जातो. दुरुस्ती मूळ मार्कडाउनमध्येच. घाई असली तरी.

साइट उघडते पण रंगरूप सगळं गेलं, तर कॉन्फिगमधला बेस यूआरएल, म्हणजे साइटचा मूळ पत्ता, तपासा. गिटहबवर साइट रेपोच्या (गिटहबवरच्या तुमच्या प्रकल्पाच्या फोल्डरच्या) नावाच्या उपफोल्डरमध्ये असेल तर तेही नाव त्यात हवं.

आणि थीम. एकही पान न लिहिता थीमच बघत बसणारे मला दर बॅचमध्ये भेटतात. आधी पाच पानं लिहा, साध्यात साध्या थीमवर चालवा. तुमच्या मजकुराला काय लागतं ते तेव्हा कळतं.

तरीही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘चालत नाही’ एवढंच पाठवू नका. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करा, ज्या फाइलीचं नाव त्यात आहे तिच्या पहिल्या दहा ओळी जोडा, आणि शेवटचा बदल कोणता केला होता ते लिहा. निम्म्या वेळा ते लिहितानाच चूक सापडते.