बेस गिटारसाठी मऊ, उबदार आवाजाच्या तारा कशा निवडाव्यात

बेसचा आवाज फार खणखणीत वाटतो, बोट सरकवलं की तारेवर करकर ऐकू येते आणि त्याऐवजी काहीतरी गोल, घुमारेदार हवं असतं. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या फितीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा लावण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. फ्लॅटवाउंड म्हणूनच विकल्या जाणाऱ्या दोन संचांमध्ये आवाजाचा आणि बोटांना जाणवणाऱ्या ताणाचा इतका फरक असतो, की एक संच जीव लावणारा ठरतो आणि दुसरा आठवड्याभरात उतरवावासा वाटतो. म्हणून माझा क्रम असा आहे: आधी ताण ठरवा, मग वेढ्यांचा प्रकार आणि सर्वांत शेवटी धातू. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पैसे खर्च करण्याआधी

आहे त्याच तारांवर एक संध्याकाळ काढा. टोन नॉब (आवाजाची चमक कमी-जास्त करणारी कळ) अर्ध्याच्या खाली आणा. वाजवणारा हात ब्रिजपासून (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तो भाग) दूर, नेक (तारा दाबतो तो लांब दांडा) संपते तिथपर्यंत सरकवा. तार ब्रिजजवळ छेडली की वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच, बारीक स्वर) जास्त उमटतात, नेककडे छेडली की मूळ स्वर भरतो. नखाचा स्पर्श टाळून पेराच्या मांसल भागाने वाजवा. मग ब्रिजला लागून तारांखाली स्पंजची पट्टी सरकवून पाहा. आस (स्वर घुमत राहण्याचा काळ) आखूड होते आणि स्वर ठोक्यासारखा येतो.

यातून तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते कळतं, कारण ‘उबदार’ या एका शब्दात तीन वेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. कोणाला वरची चमक नको असते, कोणाला बोट सरकण्याचा आवाज नको असतो, तर कोणाला लांबलेली आस नको असते. नॉब फिरवून काम झालं, तर तुमची मागणी पहिली होती आणि नव्या ताराही कदाचित लागणार नाहीत. करकर तशीच राहिली, तर मात्र तार बदलल्याशिवाय इलाज नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार मोकळी वाजवली की मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. लहान स्पीकरमधून इतका खर्ज धड बाहेरच पडत नाही. तिथे आपल्याला बेस ऐकू येतो तो उपस्वरांच्या जोरावर. ते सगळे मारून टाकले, तर खोलीत एकट्याने वाजवताना सुंदर वाटणारा बेस बँडमध्ये हरवून जातो. म्हणून निवड करताना सोबत ड्रम किंवा गाण्याचा ट्रॅक लावा.

पायरी १: ताण ठरवा

तारेचा ताण तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तारेचं वजन, कंप पावणारी लांबी आणि ती कोणत्या स्वराला लावली आहे. लांबी थोडी कमी झाली तरी ताण बराच उतरतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ इंची लाँग स्केल बेसच्या तुलनेत ३० इंची शॉर्ट स्केलवर, तेवढ्याच वजनाची तार त्याच स्वराला लावली, तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी भरतो. शॉर्ट स्केलवर हलक्या तारा लुळ्या का वाटतात आणि जाड तारा तिथे का शोभतात, ते यावरून कळेल.

पाकिटावरचं गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. ४५ ते १०५ हा आज नेहमीचा संच समजला जातो. पण गेजवरून ताणाचा अंदाज बांधू नका. फ्लॅटवाउंडमध्ये चपटी फीत घट्ट बसते, मध्ये फटी राहत नाहीत, त्यामुळे त्याच जाडीत वजन आणि ताठरपणा जास्त येऊ शकतो. उलट नायलॉनच्या फितीची तार जाड दिसते, पण तिचा बराचसा घेर हलक्या नायलॉनचा असतो.

दोन टोकं सांगतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमरसन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा वापरत; ५२ ते ११० गेजचा तो संच आजही मिळतो. तो कडक आहे, बोटाला दाद देत नाही, पण एकदा ठोका दिला की स्वर खुंटा ठोकल्यासारखा उभा राहतो. दुसऱ्या टोकाला थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीच्या जाझ फ्लॅट्स, ४३ ते १००. त्या विलक्षण लवचीक आहेत, त्यांत मधले स्वर गातात आणि डाव्या हाताने तार हलवून स्वर थरथरवता येतो. दोन्ही फ्लॅटवाउंड, दोन्ही उबदार, पण वाजवणाऱ्याला दोन वेगळी वाद्यं हातात घेतल्यासारखं वाटेल.

तुमचा हात जड असेल, तुम्ही जोरात छेडत असाल, तर कमी ताणाच्या तारा जास्त रुंद हलतील आणि फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडतील. तिथे मध्यम किंवा जास्त ताण घ्या. हात हलका असेल, सुरावट वाजवायची आवड असेल, तर कमी ताण घ्या. बऱ्याच उत्पादकांच्या तक्त्यात प्रत्येक तारेचा ताण किलो किंवा पौंडात दिलेला असतो. सध्याच्या संचाचा आकडा शोधा आणि नव्याशी ताडून पाहा. मला विचाराल तर खरेदीतला हा सर्वांत उपयोगी अर्धा तास.

पायरी २: वेढ्यांचा प्रकार निवडा

राउंडवाउंडमध्ये पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते. खाचांमुळे बोट करकरतं, उपस्वर मोकळे राहतात, आस लांबते. पिआनोसारखा तो झळझळीत आवाज लोकप्रिय झाला १९६६च्या सुमारास, रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने द हू या बँडचे बेसवादक जॉन एन्टविसल यांच्या सोबतीने केलेल्या तारांमुळे. १९५१ साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला, त्या काळात बेसवर फ्लॅटवाउंड असणं हीच नेहमीची गोष्ट होती.

फ्लॅटवाउंडमध्ये बाहेरचा वेढा चपट्या फितीचा असतो. बोट काचेवरून सरकावं तसं सरकतं. करकर जवळजवळ नाहीशी होते आणि फ्रेट कमी झिजतात. फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसच्या लाकडालाही या तारा सांभाळून घेतात.

हाफराउंड किंवा ग्राउंडवाउंड म्हणजे आधी गोल तार गुंडाळून मग वरून घासून सपाट केलेली तार. थोडी चमक ठेवून करकर कमी करायची असेल तर ही मधली वाट आहे. खरं सांगायचं तर मला ती क्वचितच पटते. पूर्ण गुळगुळीतपणाही मिळत नाही आणि पूर्ण चमकही नाही. पण एकाच बेसवर सगळ्या प्रकारची गाणी वाजवायची असतील तर तिचा विचार जरूर करा.

टेपवाउंडमध्ये धातूच्या तारेवर नायलॉनची फीत असते, बहुधा काळी. आत धातू असल्यामुळे नेहमीचा चुंबकीय पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) ती व्यवस्थित पकडतो. आवाज डबल बेसच्या दिशेने झुकतो आणि स्पर्श फार मऊ असतो. अडचण जाडीची आहे: रोटोसाउंडच्या ट्रू बेस ८८ संचात ई तार ११५ची आहे, ती नेहमीच्या नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचा असलेली पट्टी) खाचेत बसेलच असं नाही. खाच कानशीने रुंद करावी लागली, तर मागे फिरता येत नाही हे धरून चला.

पायरी ३: धातू

इथे थोडक्यात आटपतो. स्टेनलेस स्टील सर्वांत तेजस्वी, निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद त्याखाली, शुद्ध निकेल त्याहून मवाळ. पण धातू एकटा काही ठरवत नाही. आयर्न मेडन या बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस वर्षानुवर्षं फ्लॅटवाउंड वाजवतात आणि त्यांचा बेस चांगलाच खणखणतो. हात, तारेचं वय आणि अॅम्प यांचा वाटा मोठा आहे.

पायरी ४: लांबी मोजा

ब्रिजमध्ये तारेचा गोल मणी जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत मोजपट्टीने मोजा. फ्लॅटवाउंडची पूर्ण जाडीची गुंडाळी नटच्या थोडी पुढे जाऊन संपली पाहिजे; खुंटीभोवती फक्त रेशमी धाग्याचा किंवा बारीक झालेला भाग यायला हवा. जाड भाग खुंटीवर वळवला तर फीत उकलते किंवा तार तुटते. तुमच्या बेसमध्ये तारा लाकडातून मागून येत असतील, तर सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो पुढे-मागे सरकणारा लहान भाग) तीव्र कोन होतो. बरेच उत्पादक अशा बसवणीसाठी फ्लॅटवाउंड सुचवत नाहीत, तेव्हा पाकीट उघडण्याआधी वाचा.

पायरी ५: लावताना आणि नंतर

एकेक तार बदला, म्हणजे नेकवरचा ताण एकदम उतरत नाही. खुंटीवर दोन-तीन वेढे बसतील इतकी तार ठेवून ती आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. आधी कापली तर काही तारांची बाहेरची फीत गाभ्यावर सैल होते आणि स्वर मेलेला येतो.

मग नेक तपासा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते पाहा. जाड कागदाइतकी, साधारण ०.३ मिलिमीटर, फट ठीक. ताण वाढल्याने फट वाढली असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक ठरवणारी धातूची कांब) घट्ट करा, कमी झाली असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, मग पुन्हा सुरात लावून मोजा. रॉड अडत असेल तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

शेवटी बारावा फ्रेट. तिथे हलकं बोट ठेवून काढलेला स्वर आणि दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे.

नव्या फ्लॅटवाउंड तारा सुरुवातीला चमकतात. ऐकून निराश होऊ नका आणि लगेच उतरवूही नका. रोज वाजवत असाल तर काही आठवड्यांत वरची धार बसते आणि मग खरा आवाज कळतो. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा. फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं टिकतात, आणि वयाबरोबर त्या मवाळ झाल्या तर त्यासाठीच तर घेतल्या होत्या. बारावा फ्रेट सॅडल सरकवूनही जुळेनासा झाला, एखादी तार बाकीच्यांपेक्षा मेलेली वाजू लागली किंवा फीत बोटाला लागू लागली, तर संच बदला. नव्या संचाची एकटी तार जुन्यांमध्ये उजळ वाजून उपरी वाटते, म्हणून उतरवलेल्या संचातल्या धड तारा गुंडाळून ठेवा. पुढे एखादी तुटली की त्यांतलीच लावता येते.